प्रायव्हसी कोड, जीपीएस आणि जॅमर

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरसारख्या गजबजलेल्या भागात हॉटेलांच्या दारावर, पार्किंगमध्ये गार्डांच्या हातात वॉकीटॉकी असतो. त्यात ‘प्रायव्हसी कोड’ आहे, म्हणजे आपलं बोलणं बाहेर जात नाही, असं बरेच जण धरून चालतात.

ते बाहेर जातं. हा कोड म्हणजे आवाजासोबत जाणारा ६७ ते २५० हर्ट्झदरम्यानचा खालच्या पट्टीतला सूर. ठरलेला सूर आला तरच तुमच्या सेटचा स्पीकर उघडतो. दुसऱ्यांची बडबड तुमच्या कानापर्यंत येत नाही एवढंच. तुमची मात्र सगळीकडे जाते. शेजारच्या इमारतीतल्या कुणी त्याच चॅनेलवर कोड बंद ठेवला की त्याला शब्दन्‌शब्द ऐकू येतो. त्यात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या सेटसाठी परवानामुक्त, तिथे कुणीही यावं. म्हणून ‘तीनशे चारचे पाहुणे बाहेर पडले’ असलं वाक्य वॉकीटॉकीवर बोलूच नये. बोलणं झाकतं ते एन्क्रिप्शन, आणि ते साध्या सेटमध्ये नसतं.

जीपीएसचं उलट. उपग्रह आपल्यावर पाळत ठेवत नाहीत; फोन त्यांचं फक्त ऐकतो आणि जागा स्वतः काढतो. ती बाहेर पोचवतात ॲप, इंटरनेटवरून. तेव्हा आवरायची ती ॲपची परवानगी.

ते सोडून काही जण गाडीच्या लायटर सॉकेटमध्ये जीपीएसचा संदेश बुडवणारा जॅमर खोचतात. त्यातून कुणाचं काही बिघडत नाही, हा सर्वांत घातक समज. २०,२०० किलोमीटरवरून येणारा जीपीएसचा संदेश जमिनीवर पोचतो तो वॅटच्या अब्जाव्या भागाच्या कोटीव्या हिश्शाएवढा. तो बुडवायला खिशातलं यंत्र पुरतं. अमेरिकेत नेवार्क विमानतळाजवळ २०१२ मध्ये एका चालकाने मालकाला ठावठिकाणा कळू नये म्हणून जॅमर लावला. विमानतळावर चाचणी चालू असलेली उपग्रहाधारित अवतरण यंत्रणा त्याने विस्कळीत झाली. पुढच्या वर्षी सुमारे ३२,००० डॉलरचा दंड ठोठावला गेला. ग्वाल्हेरात महाराजपुऱ्याची धावपट्टी तर हवाई दल आणि प्रवासी विमानं दोघंही वापरतात.

‘माझ्या क्लासमध्ये, माझ्या हॉलमध्ये मी मोबाइल जॅमर लावीन’ हेही चालत नाही. भारतात खासगी व्यक्तीला किंवा संस्थेला जॅमर विकत घेता येत नाही, वापरताही येत नाही. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये हे पुन्हा बजावलं. परीक्षेत मोबाइल नको असतील, तर ते दारातच जमा करून घ्यावेत.