विश्लेषण : आफ्रिकेच्या खेड्यांत बियाणे-खतांची दुकाने पोहोचली, शेतकऱ्याच्या पदरात काय पडले?

सुधारित बियाणे आणि खत गावाजवळ मिळाले, तर अल्पभूधारकाचे उत्पन्न वाढेल, या विश्वासाने अमेरिकेतील धनाढ्य दानसंस्थांनी आफ्रिकेत कृषी निविष्ठा विक्रेत्यांचे जाळे उभारले. दीड दशकानंतर या प्रयोगाच्या फलिताबद्दल प्रश्न विचारले जात आहेत.

‘अग्रा’ म्हणजे काय?

‘अलायन्स फॉर अ ग्रीन रिव्होल्यूशन इन आफ्रिका’ अर्थात ‘अग्रा’ची स्थापना २००६ मध्ये झाली. गेट्स फाउंडेशनने १० कोटी, तर रॉकफेलर फाउंडेशनने ५ कोटी डॉलर दिले. मुख्यालय केनियातील नैरोबीत आहे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान हे पहिले अध्यक्ष होते. रॉकफेलरसाठी हे क्षेत्र नवे नव्हते. मेक्सिकोत १९४०च्या दशकात नॉर्मन बोरलॉग यांनी गव्हावर केलेल्या संशोधनाला याच संस्थेचे पाठबळ होते.

दुकानांचे जाळे कशासाठी?

आफ्रिकेतील अनेक देशांत पूर्वी सरकारी मंडळे बियाणे-खते पुरवत. १९८० आणि ९०च्या दशकांतील आर्थिक सुधारणांत त्यांना कात्री लागली. खासगी व्यापारी शहरांपुरतेच राहिले. २००६ च्या अबुजा परिषदेवेळी आफ्रिकेतील खतवापर हेक्टरी सरासरी ८ किलोच्या आसपास होता. तो २०१५ पर्यंत ५० किलोवर नेण्याचे ठरले. दरी भरून काढण्यासाठी केनिया, टांझानिया, मलावी आदी देशांतील खेड्यांतल्या किराणा दुकानदारांना हाताशी धरण्यात आले. त्यांना हिशेब ठेवणे, कीटकनाशके सुरक्षितपणे हाताळणे यांचे प्रशिक्षण मिळाले. पुरवठादाराने उधारीवर माल द्यावा म्हणून बुडीत रकमेचा काही वाटा उचलण्याची हमीही दिली गेली.

उद्दिष्ट साध्य झाले का?

२०२० पर्यंत ३ कोटी कुटुंबांचे पीक उत्पादन आणि उत्पन्न दुप्पट करण्याचे लक्ष्य होते. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाशी संबंधित अभ्यासक टिमोथी वाइज यांनी २०२० मध्ये १३ देशांची राष्ट्रीय आकडेवारी तपासली. १२ वर्षांत प्रमुख पिकांची उत्पादकता जेमतेम १८ टक्के वाढली आणि कुपोषितांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढली, असे त्यांचे निष्कर्ष होते. ‘अग्रा’ने त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. मात्र देणगीदारांनीच करवून घेतलेल्या आणि २०२२ मध्ये जाहीर झालेल्या मूल्यमापनातही ९० लाख शेतकऱ्यांचे उत्पन्न आणि अन्नसुरक्षा वाढवण्याचे लक्ष्य गाठता आले नसल्याचे नमूद झाले. अधिक उत्पादन घेणारे शेतकरी प्रामुख्याने तरुण, पुरुष आणि तुलनेने सधन होते.

गाडे कुठे अडले?

दुकान जवळ आले, तरी खरेदीला रोख पैसा लागतो. पाऊस दगा दिला तर खताचा खर्च वाया जातो. चांगले पिकले तर साठवणुकीअभावी सुगीतच पडेल भावाने विकावे लागते. दोन्ही वेळी जोखीम शेतकऱ्याचीच. भर मक्यावर राहिल्याने बाजरीसारखी कमी पाण्यावर तगणारी पिके मागे पडली, असाही आक्षेप आहे. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये खतांचे दर भडकले, तेव्हा आयातीवरील अवलंबित्व किती महागात पडते हेही दिसले.

विक्रेताच सल्लागार झाला तर?

कोणते बियाणे, किती खत, हे अनेकदा दुकानदारच सांगतो. त्याची कमाई मात्र विक्रीवर ठरते. महाराष्ट्रातील कृषी सेवा केंद्रांबाबतही हा पेच ओळखीचा आहे. म्हणूनच हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ मध्ये विक्रेत्यांसाठी ‘देसी’ हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला.

पुढे काय?

आफ्रिकेतील अन्न सार्वभौमत्ववादी संघटनांनी २०२१ मध्ये देणगीदारांना हा निधी थांबवण्याचे आवाहन केले. २०२२ मध्ये संस्थेने नावातून ‘हरितक्रांती’ वगळून केवळ ‘अग्रा’ एवढेच ठेवले. दुकानांच्या जाळ्यामुळे माल शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो, हे सिद्ध झाले. पण शेतकऱ्याचा माल योग्य भावाने बाजारात नेणारी साखळी तितकीच मजबूत झाल्याशिवाय त्याच्या हाती पैसा उरत नाही, हाच या प्रयोगाचा धडा आहे.