जुन्या ट्रॅक्टरची डिझेल-गळती

पैठण तालुक्यातील बिडकीन भागात काळ्या जमिनीचा वाफसा फार दिवस टिकत नाही. अशा वेळी जुना ट्रॅक्टर बंद पडल्यास पेरणीची वेळ हुकते. पुष्कळदा दोष इंजिनाचा नसून डिझेल-नळीच्या सांध्याचा असतो. गळतीने इंधन वाया जातेच. शिवाय टाकीपासून पंपापर्यंतच्या सैल सांध्यातून हवा आत शिरते व इंजिन थांबते.

प्रथम इंजिन थंड होऊ द्यावे व टाकीचा कॉक बंद करावा. धूळ नळीत जाऊ नये म्हणून सांधा स्वच्छ पुसावा. बोल्ट सोडवून दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर बदलावेत. नवे न मिळाल्यास जुनेच, ट्रॅक्टरपासून दूर, लाल होईतो तापवून थंड करावेत. तांबे मऊ होऊन पुन्हा नीट बसते. बोल्ट बेताने आवळावा. अति जोराने आटे जातात. नंतर कॉक उघडून फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करावा, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप चालवावा व स्क्रू आवळावा.

इंजिन चालू असता इंजेक्टरच्या नळीची गळती हाताने मुळीच चाचपू नये. तेथील दाबाची धार कातडी भेदून आत जाते. जखम किरकोळ दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही दक्षता शेतकरी बंधूंना आवर्जून सांगावी.