धरणावरची पाखरे कशी बघावीत



आमच्या गावापासून नांदूर मध्यमेश्वरचे धरण जवळच आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्या मिळतात, तिथे इंग्रजांच्या काळात हा बंधारा बांधला. बांधला तो शेतीच्या पाण्यासाठी. पण दरवर्षी पुराबरोबर गाळ येत गेला आणि साठत गेला, त्यामुळे पाणी उथळ झाले. उथळ पाण्यात गवत, किडे, शिंपले, मासे भरपूर होतात. म्हणून ते पाखरांचे जेवणाचे ताटच झाले. १९८६ साली सरकारने तिथे पक्षी अभयारण्य केले. २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. मला आधी वाटले, रामसर म्हणजे कोणीतरी सर असतील. पण ते इराणमधले गाव आहे. पाणथळ जागा राखायचा करार १९७१ साली तिथे झाला, असे गुरुजींनी सांगितले.

दिवाळीनंतर थंडी पडली की बाहेरची पाखरे येतात. चक्रवाक तर लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो. तो बदकासारखा, पण रंग नारिंगी.

आमची सहल चापडगावच्या मनोऱ्यावर गेली होती. आम्ही मुले गाडीतून उतरताच ओरडत पळालो. पाण्यावरचा सगळा थवा भुर्रकन उडाला आणि पार पलीकडच्या काठाला जाऊन बसला. मग काय बघणार? नुसते ठिपके! गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, "पाखरू घाबरून उडते तेव्हा त्याचे खाणे सुटते. परत जायच्या आधी त्याला अंगात चरबी साठवायची असते."

मग आम्ही मनोऱ्यावर चिडीचूप बसलो. ऊन पाठीवर घ्यायचे म्हंजे पाखराचा रंग नीट दिसतो. पांढरे नि भडक कपडे नकोत. सकाळी लवकर जावे. अर्ध्या तासाने पाखरे हळूहळू परत आली. चमचा पक्षी मला सगळ्यांत आवडला. त्याची चोच पुढे पळीसारखी चपटी असते. ती अर्धी उघडी ठेवून तो पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो. मासा चोचीला लागला की लगेच मिटतो. आमची आई ताक ढवळते तसे दिसते. वारकरी नावाचा पक्षी काळा असतो आणि कपाळावर पांढरा टिळा. उडायच्या आधी तो पाण्यावरून पळत सुटतो. ते बघून आम्ही हसलो, पण तोंडावर हात ठेवून.

आता एक गोष्ट सांगतो. ती मी घरी पण सांगितली नव्हती. गेल्या संक्रांतीला माझ्या आसारीवर नायलॉनचा मांजा होता. त्याला २०१७ पासून सगळ्या देशात बंदी आहे, तरी मी मोठ्या मुलांकडून लपून घेतला, कारण तो तुटत नाही. माझा पतंग ओढ्याच्या बाभळीत अडकला. मी दोरा तोडून घरी आलो. तिसऱ्या दिवशी त्या दोऱ्यात एक बगळा उलटा लटकलेला दिसला. आजोबांनी वर चढून विळ्याने दोरा कापला. पंख हाडापर्यंत चिरला होता. आम्ही त्याला पाटीखाली ठेवून पाणी पाजले, पण सकाळी तो मेला. आजोबा म्हणाले, "कोणाचा मांजा होता कोण जाणे." मी गप्प बसलो. तो माझा होता, आजोबा.

नायलॉन कुजत नाही, म्हणून पतंग फाटून गेला तरी दोरा झाडावर वर्षानुवर्षे राहतो. पाखरे आणि पतंग दोन्ही पौषातच असतात. ओढ्याकाठच्या बाभळी आम्ही चौघांनी बघितल्या, तर एक पिशवीभर दोरा निघाला. तो इथे खाली खिळ्याला टांगला आहे. हात लावू नये, बोट कापते.

यंदा माझ्या आसारीवर साधा सुती दोरा आहे. परवा सरावाला गच्चीवर गेलो, तर माझे तीन पतंग कटले.