प्लग काढला तरी शॉक बसू शकतो! व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर उघडण्याआधी हे वाचाच

माळ्यावर धूळ खात पडलेला आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ खाली काढायचा, फडक्याने पुसायचा आणि मागचं झाकण उघडून ‘बघू तरी काय बिघडलंय’ म्हणत आत हात घालायचा. कुणी चोर बाजारातून जुना ॲम्प्लिफायर आणतं, तर कुणाला गिटारसाठी व्हॉल्व्हचाच आवाज हवा असतो. नारिंगी उजेडाने तापलेल्या त्या काचेच्या नळ्या दिसतातही भारी.

झाकण उघडताना बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं, “प्लग काढलाय ना, मग कसली भीती?”

खरा धोका तिथेच आहे. व्हॉल्व्हच्या यंत्रात प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात.

इतके व्होल्ट लागतात कशाला?

व्हॉल्व्ह म्हणजे आतली हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातला एक भाग तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोरच्या प्लेटने ते ओढून घ्यायचे असतात. मधल्या पोकळीतून इलेक्ट्रॉन ओढायला जोर लागतो, आणि हा जोर म्हणजेच व्होल्टेज. ट्रान्झिस्टरचा छोटा ॲम्प्लिफायर 12 व्होल्टवरही चालतो. ईएल 34 सारख्या मोठ्या व्हॉल्व्हच्या प्लेटला मात्र 400 ते 500 व्होल्ट दिलेले असतात.

घरात तर 230 व्होल्टच येतात, मग हे कुठून आले? ट्रान्सफॉर्मर ते वाढवून, समजा, 325 व्होल्ट करतो. त्याचं डीसी करताना कपॅसिटर लाटेच्या टोकापर्यंत चार्ज होतो. 325 गुणिले 1.41, म्हणजे साधारण 460 व्होल्ट.

बंद यंत्रात वीज राहते कुठे?

याच कपॅसिटरमध्ये. छतावरच्या टाकीसारखं समजा. नळाचं पाणी गेलं तरी टाकी भरलेली असते, तसंच इथे. सप्लाय बंद झाला तरी कपॅसिटर भरलेलाच राहतो.

कित्येक ॲम्प्लिफायरमध्ये तो रिकामा करायला ‘ब्लीडर’ नावाचा रेझिस्टर असतो. पण तो जुना होऊन तुटलेला असू शकतो, किंवा मुळात बसवलेलाच नसतो. गिटारच्या ॲम्प्लिफायरला स्टँडबायचं वेगळं बटण असतं. काही मॉडेलमध्ये हे बटण स्टँडबायवर ठेवून मेन स्विच बंद केला, तर मुख्य कपॅसिटरचा व्हॉल्व्हशी संबंधच तुटतो आणि चार्ज बाहेर पडायला वाट उरत नाही.

100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 450 व्होल्टला भरला असेल तर त्यात साधारण 10 ज्यूल ऊर्जा असते. हातांतून जाणाऱ्या वाटेचा रोध 1500 ओहम धरला, तर सुरुवातीचा करंट 300 मिलिअँपियर होतो. तो क्षणभरच वाहतो. पण एका हातातून दुसऱ्या हातात जाताना तो छातीतून जातो, आणि हृदयाची लय बिघडायला तेवढा क्षण पुरू शकतो.

घरातला ब्रेकर वाचवेल का?

अनेकांचा भरवसा आरसीसीबीवर असतो. तो साधारण 30 मिलिअँपियरची गळती झाली की सप्लाय तोडतो. पण त्याला दिसते ती फक्त घरच्या वायरिंगमधली, जमिनीत जाणारी गळती. ॲम्प्लिफायरचा हाय व्होल्टेज भाग ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे असतो. तिथे एक हात प्लेटच्या वायरला आणि दुसरा पत्र्याच्या चासीला लागला, तर करंट तुमच्यातून आतल्या आत फिरतो. आरसीसीबीला पत्ताही लागत नाही. भरलेल्या कपॅसिटरचं तर विचारूच नका, तिथे प्लगच काढलेला असतो.

खिशातल्या टेस्टरवरही विसंबू नका. त्याचं काम भिंतीतल्या एसी सप्लायपुरतं. तो पेटला नाही म्हणजे कपॅसिटर रिकामा आहे असं नाही.

मग उघडायचं कसं?

1. स्विच बंद करा, प्लग काढा आणि तो डोळ्यांसमोर ठेवा. दुसरं कुणी चुकून लावायला नको.
2. काही मिनिटं थांबा, पण थांबलात म्हणून चार्ज गेला असं गृहीत धरू नका.
3. अंगठी, कडं, घड्याळ काढा. पायात कोरडी चप्पल किंवा बूट हवेत.
4. मल्टिमीटर 1000 व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी वायर क्लिपने चासीला लावा आणि लाल वायरने एकाच हाताने मोजा. दुसरा हात खिशात. यामुळे छातीतून जाणारी वाट बंद होते.
5. व्होल्ट दिसले तर 22 किलोओहम, 10 वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपच्या वायरने वापरा. आधी एक टोक चासीला, मग दुसरं कपॅसिटरच्या प्लसला. 100 मायक्रोफॅरड रिकामा व्हायला 10-12 सेकंद लागतात. असे प्रत्येक मोठ्या कपॅसिटरला करा.
6. पुन्हा मोजा. कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज आपोआप परत येतो, म्हणून काम संपेपर्यंत ती वायर लावूनच ठेवा. यंत्र परत चालू करण्याआधी मात्र ती आठवणीने काढा.

स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची पद्धत सोडा. त्यात धातू वितळून उडतो, कपॅसिटर खराब होतो, आणि दचकून मागे आलेला हात दुसरीकडेच आपटतो.

तिसरी पिन विसरू नका

काही जुन्या एसी-डीसी रेडिओंमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसायचा आणि चासी थेट मेन्सच्या एका वायरला जोडलेली असायची. दोन पिनांचा प्लग उलटा लागला की सगळा पत्रा लाइव्ह! असा रेडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघड्यावर चालू करूच नका. ट्रान्सफॉर्मर असलेल्या ॲम्प्लिफायरला मात्र अर्थिंगची तिसरी पिन हवीच.

अर्थिंग नसल्याची किंमत संगीताच्या जगाने मोजली आहे. मे 1972 मध्ये ब्रिटनमधल्या स्वॉन्झी इथे ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. 1976 मध्ये ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ घरी गिटार वाजवताना शॉक लागून गेला.

याचा अर्थ आजोबांचा रेडिओ माळ्यावरच सडू द्यायचा असा नाही. तो जरूर वाजवा. पण मल्टिमीटर वापरायची सवय नसेल, तर जुन्या व्हॉल्व्हवर काम केलेल्या मेकॅनिककडेच द्या. आणि स्वतः उघडणार असाल, तर स्विच बंद आहे यावर जाऊ नका. मीटरवर शून्य दिसलं, की मगच आत हात घाला.