एलिझाबेथ द बर्गचे निषेधपत्र

पहिल्या एडवर्डच्या कारकीर्दीपासून इंग्लंडचे पार्लमेंट भरले की राज्यभरातून अर्जांचा ओघ सुरू होई. कुणाचे इनाम हिरावलेले असे, कुणाच्या जहागिरीचा वसूल राजाच्या अंमलदाराने परस्पर उचललेला असे, तर कुणा विधवेला पतीच्या जमिनीतील तिचा कायदेशीर तिसरा हिस्सा मिळालेला नसे. चर्मपत्राच्या पट्टीवर, बहुधा फ्रेंचमध्ये लिहिलेले हे अर्ज ठरावीक अधिकारी स्वीकारत, दुसरे अधिकारी तपासत आणि मागच्या बाजूला उत्तर नोंदवत. हे उत्तर पुष्कळदा एवढेच असे, की अर्जदाराने चॅन्सरीत, म्हणजे राजाच्या मोहोरेच्या कचेरीत, जाऊन आपल्या सनदा दाखवाव्यात. असे हजारो अर्ज आज लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. या व्यवस्थेचा पाया मात्र एका गृहीतावर उभा होता: अन्याय अंमलदार करतो आणि राजा तो दूर करतो. अन्याय खुद्द राजाच्या संमतीने होत असेल, तर अर्जदाराने कुणापुढे जावे, याचे उत्तर या व्यवस्थेपाशी नव्हते. आणि एलिझाबेथ द बर्ग हिच्या प्रकरणाचे खरे महत्त्व याच ठिकाणी आहे.

एलिझाबेथ ही दुसऱ्या एडवर्डची सख्खी भाची. तिचा भाऊ गिल्बर्ट 1314 मध्ये बॅनकबर्नच्या लढाईत निपुत्रिक मारला गेला आणि क्लेअर घराण्याची अफाट मालमत्ता तीन बहिणींकडे आली. 1317 च्या वाटणीत एलिझाबेथला सफकमधील क्लेअर आणि वेल्समधील अस्कसह तिसरा हिस्सा मिळाला. थोरली बहीण एलिनॉर हिचा नवरा धाकटा ह्यू डिस्पेन्सर हा राजाचा अत्यंत लाडका सरदार होता, आणि आपल्या पत्नीच्या हिश्श्यावर समाधान मानणाऱ्यांपैकी तो नव्हता. 1322 मध्ये एलिझाबेथचा तिसरा पती रॉजर डॅमरी बंडखोरांच्या बाजूने लढताना मरण पावला, तिला बार्किंगच्या मठात ठेवण्यात आले, आणि तेथे असतानाच दबाव आणून अस्कची जहागीर मेहुण्याच्या नावे करून घेण्यात आली. बदल्यात तिला कमी उत्पन्नाचे गावर मिळाले. पुढे विल्यम द ब्रेओझ याने दावा लावून तेही तिच्याकडून काढून घेतले आणि ते डिस्पेन्सरांच्याच हाती गेले. अदलाबदल, दावा, निवाडा हे सारे कागदोपत्री रीतसर होते, आणि म्हणूनच हा व्यवहार उघड लुटीपेक्षा अधिक निंद्य ठरतो.

1322 च्या नाताळात राजाने तिला यॉर्कला बोलावले. तेथे तिला तिच्या सल्लागारांपासून तोडण्यात आले आणि राजाच्या परवानगीशिवाय आपण लग्न करणार नाही, जमीनही कुणाला देणार नाही, असे तिच्याकडून लिहून मागण्यात आले. तिने नकार दिल्यावर सगळीच जमीन जाईल अशी धमकी मिळाली, आणि अखेर तिला मोहोर उमटवावी लागली. हा सारा तपशील मे 1326 मध्ये तिने गुप्तपणे लिहवून ठेवलेल्या निषेधपत्रात आहे. अर्जात असते तशी हकिगत त्यात आहे, परंतु दया मागितलेली नाही. आपण केलेले करार भीतीपोटी केले असून ते आपल्याला बांधील नाहीत, एवढे नोंदवून ठेवणे हा त्याचा हेतू आहे. मामा राजा आणि मेहुणा प्रतिवादी असताना कोणत्याही कचेरीत दाखल करता न येणारा हा दस्त तिने पुढे येणाऱ्या न्यायासाठी लिहिला होता. डिस्पेन्सरांची सत्ता तेव्हा पूर्ण जोरात होती, हे लक्षात घेता या कृतीतील धैर्य आणि कायद्याची जाण दोन्ही असामान्य वाटतात.

तो न्याय अपेक्षेपेक्षा लवकर आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हेरेफर्ड येथे डिस्पेन्सरला देहान्त शासन झाले, 1327 च्या पार्लमेंटात त्याच्यासाठी जबरदस्तीने लिहून घेतलेले दस्त रद्द करण्याची तरतूद झाली आणि अस्क एलिझाबेथकडे परतले. तिने पुन्हा लग्न केले नाही. पुढची तीन दशके तिने जमिनीचा कारभार स्वतः पाहिला, आणि त्या उत्पन्नातूनच केंब्रिजमधील आजच्या क्लेअर कॉलेजला भक्कम आधार दिला. तिच्या मृत्यूनंतर पणतीच्या विवाहामुळे ही जमीन मॉर्टिमर घराण्याकडे गेली. त्या घराण्याच्या कारकुनांनी आपल्या दस्तांच्या नोंदवहीत निषेधपत्राची नक्कल उतरवून घेतली, कारण अस्कवरील त्यांचा हक्कही याच इतिहासावर उभा होता. जी. ए. होम्स यांनी 1955 मध्ये ती छापली ती त्याच नोंदवहीतून.