वित्त विषयात एम.कॉम.वर थांबावे की पीएच.डी. करावी?

डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, हे आपल्या वस्त्यांमध्ये दोन पिढ्या सांगून झाले. आता वाणिज्य शाखेकडे वळलेली आपली मुले-मुली वेगळाच प्रश्न विचारू लागली आहेत. वित्त विषयात एम.कॉम. किंवा एम.बी.ए. करून नोकरी धरावी, की पीएच.डी.पर्यंत जावे? ज्या घरात पहिलाच पदवीधर निपजला आहे, त्या घरात हा थेट भाकरीचा प्रश्न असतो.

अशा वेळी बाबासाहेबांचे उदाहरण देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण ते अर्धेच दिले जाते. व्यासपीठावरून पदव्यांची यादी म्हणून दाखवली जाते. त्या कोणत्या ओढाताणीतून मिळाल्या, हे कुणी सांगत नाही. बाबासाहेब १९१५ मध्ये कोलंबियातून एम.ए. झाले. पीएच.डी.चे काम करून १९१६ मध्ये लंडनला गेले. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० प्राध्यापकी केली, पगारातून पैसे बाजूला टाकले, शाहू महाराजांचे आणि मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेतले आणि पुन्हा लंडन गाठले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. कोलंबियाची पीएच.डी. रीतसर पदरात पडली ती १९२७ मध्ये, प्रबंध छापून झाल्यावर.

म्हणजे मध्ये नोकरी आली, कर्ज आले, खंडही पडला. डोक्यावर कर्ज आणि मागे भावंडे असलेल्या आपल्या मुलाने आधी एम.कॉम. करावे, नोकरी धरावी आणि चार वर्षांनी संशोधनाकडे वळावे, यात कमीपणा कसला?

शिवाय पीएच.डी. कशासाठी लागते आणि कशासाठी लागत नाही, याबद्दल भलतेच गैरसमज आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकाऱ्याच्या सर्वसाधारण परीक्षेला पदवी पुरते. सहायक प्राध्यापकासाठी जुलै २०२३ पासून पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे. अनुसूचित जातींना ५५ ऐवजी ५० टक्के गुण चालतात. पुढे सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर मात्र पीएच.डी. हवीच. तेव्हा नुसत्या नोकरीसाठी सहा वर्षे घालवणे आम्हाला पटत नाही. नेट-जेआरएफ मिळाली तर २०२३ च्या वाढीनंतर महिना ३७,००० रुपये ठरलेले आहेत, पण ठरलेले आणि वेळेवर हातात पडलेले यात फरक असतो. बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना २०२३ मध्ये फेलोशिपसाठी आझाद मैदानावर ठिय्या द्यावा लागला, हे विसरू नये.

एक गोष्ट मात्र आपल्या वस्त्यांत फारशी पोहोचलेलीच नाही. जुन्या आयआयएममध्ये एम.बी.ए.चे शुल्क वीस लाखांच्या पुढे गेले आहे. त्याच संस्थांमध्ये पीएच.डी.ला शुल्क नाही, उलट विद्यावेतन मिळते. गणित आणि संख्याशास्त्र पक्के असलेल्या मुलीने घाबरून हा दरवाजा सोडू नये. गणित कच्चे असेल तर ते एम.ए., एम.कॉम.च्या दोन वर्षांतच पक्के करावे. पुढे अर्थमितीशिवाय वित्तातले संशोधन होत नाही.

मग पीएच.डी. कुणी करावी? ज्याला प्रश्न छळतो, त्याने. बाबासाहेबांना रुपयाचा प्रश्न छळत होता, केंद्र आणि प्रांत यांच्यातल्या पैशाच्या वाटणीचा छळत होता. म्हणून १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे ते अधिकाराने साक्ष देऊ शकले. आज आपल्यापुढचा असा प्रश्न उघड आहे. अनुसूचित जातींसाठीची विशेष घटक योजना १९७९-८० पासूनची. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये त्यासाठी कायदे केले. २०१७-१८ पासून केंद्राच्या अर्थसंकल्पातला योजना आणि योजनेतर हा भेदच गेला. आपल्या नावाने मांडलेली रक्कम कोणत्या शीर्षाखाली जाते, किती खर्च होते, किती दुसरीकडे वळते, हे आकड्यानिशी मांडणारे आपल्यात किती आहेत? मोर्चात घोषणा देणारे हजारो, अर्थसंकल्पाची पुस्तिका उलगडून वाचणारे बोटावर मोजण्याइतके! प्रस्थापितांना याचीच निश्चिंती आहे.

आणि आपले प्रबंध कशावर? ‘अमुक तालुक्यातील सहकारी बँकेच्या ग्राहकांचे समाधान’! शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, टक्केवारी काढायची, नावापुढे डॉ. लावायचे आणि चौकात अभिनंदनाचा फलक लावायचा. अशा डॉक्टरेटपेक्षा चांगले एम.कॉम. आणि बँकेतली नोकरी बरी. निदान घरातल्या दुसऱ्या पोराची फी तरी भरली जाईल.

ज्यांचे पीएच.डी.चे ठरले आहे, त्यांनी नोंदणीआधी मार्गदर्शकाच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी गाठावेत आणि प्रबंधाला किती वर्षे लागली, विषय कुणी ठरवला, हे त्यांनाच विचारावे. त्यांचे प्रबंधही वाचून पाहावेत. शोधगंगेवर ते फुकट वाचायला मिळतात.