कापडावरच्या म्हणी : घानाची अदिंक्रा छपाई

घानातल्या कुमासीहून मांपोंगकडे निघालं की वाटेत न्तोन्सो हे छपाईगाव लागतं. अकान लोकांतल्या असांतेंची अदिंक्रा छपाई इथे पिढ्यान्‌पिढ्या चालते.

शाई बादिए झाडाच्या सालीची. साल भिजवायची, उखळात कुटायची, उकळून गाळायची. मग तो काढा काकवीसारखा दाट होईपर्यंत आटवायचा. ठसे वाळलेल्या तुंब्याच्या कवचातून कोरलेले, मागे धरायला काड्यांची मूठ. कारागीर आधी फणीने रेघा ओढून कापडाचे चौकोन पाडतो, मग एकेक चौकोन ठशांनी भरतो. तांबडं, काळं, विटकरी कापड मर्तिकाचं. पांढरं आनंदाच्या प्रसंगाचं.

ग्यामानचा राजा अदिंक्रा असांतेंशी लढताना १८१८च्या सुमारास मारला गेला आणि त्याच्या वस्त्रावरून ही कला आली, असं सांगतात. पण बाउडिच या इंग्रज दूताने १८१७ मध्येच कुमासीत मिळवलेलं अदिंक्रा कापड ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. म्हणजे कला त्या लढाईच्या आधीची.

प्रत्येक ठशामागे एखादी म्हण किंवा विचार असतो. मान मागे वळवलेला पक्षी म्हणजे सांकोफा : विसरलेलं परत जाऊन आणण्यात कमीपणा नाही. एकच पोट असलेल्या दोन मगरी घासासाठी भांडतात. घास कोणीही गिळला तरी जातो एकाच पोटात. भाऊबंदकीवर याहून नेमकं चित्र सापडणं कठीण. मेंढ्याची शिंगं बळाबरोबर नम्रता शिकवतात, नेचा चिवटपणा सांगतो, शिडी आठवण देते की मरणाची ही शिडी सगळ्यांनाच चढायची आहे. सर्वाधिक दिसणारं ग्ये न्यामे देवाचं थोरपण सांगतं. अंत्ययात्रेला कोणता ठसा ल्यायचा, यातून माणूस न बोलता बरंच बोलतो.

आज ही चिन्हं खुर्च्यांवर, दागिन्यांवर, चर्चच्या भिंतींवर आणि परदेशातल्या गोंदणांत दिसतात. हीच नक्षी उचलणारं गिरण्यांचं छापील कापड हाताच्या ठशापेक्षा स्वस्त पडतं. म्हणून घानाच्या २००५च्या कॉपीराइट कायद्याने, ज्यांचा कर्ता ठाऊक नाही अशा अदिंक्रा नक्षींना लोकपरंपरेत धरलं आणि त्यांचे हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे सोपवले. कायदा नक्षी राखेल. तिच्यामागची म्हण मात्र सांगणाऱ्यानेच राखायची आहे, आणि ती हरवली तर उरेल ती नुसती वेलबुट्टी.